वैशाखातील गळ : उतरत्या पाण्यावर मासे कसे धरावेत

होळी उलटली की भीमेवरच्या उजनी धरणाचे पाणी काठ सोडू लागते. आज जिथे बसून गळ टाकला, तिथे पंधरवड्याने भेगाळलेला गाळ असतो आणि त्या गाळावर कोणी ना कोणी गाळपेर करण्याच्या तयारीत असतो. एप्रिल संपता संपता धरणाची टक्केवारी वर्तमानपत्रांत ‘उणे’मध्ये छापून येऊ लागते, कारण उजनीच्या सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यापैकी निम्म्याहून अधिक साठा मृत, म्हणजे टक्केवारी ज्या पातळीपासून मोजतात तिच्या खालचा, गणला जातो आणि कडक उन्हाळ्यात त्यातूनच पाणी उचलावे लागते. याच दिवसांत गळ टाकणारी हौशी मंडळी काठ्या गुंडाळून ठेवतात आणि ‘उन्हात मासा खात नाही’ असे एकमेकांना सांगतात. हे म्हणणे निम्मेच खरे आहे. रोहू, कटला, मृगळ, चिलापी हे सगळे उबदार पाण्याचे मासे आहेत आणि तिशीच्या आसपासच्या पाण्यात त्यांची भूक उलट वाढलेली असते. त्यांना अडचण होते ती श्वासाची. म्हणून उन्हाळ्यात मासा कुठे असेल हे शोधण्याऐवजी पाण्यात प्राणवायू कुठे असेल हे शोधावे. मासा तिथेच सापडतो.

यामागचे गणित सोपे आहे. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमवर येते. मासा थंड रक्ताचा असल्याने पाणी तापले की त्याच्या शरीराचे व्यवहारही वेगाने चालू लागतात आणि त्याची प्राणवायूची गरज वाढते. एकीकडे पुरवठा घटतो आणि दुसरीकडे मागणी वाढते. रोहू-कटल्यासारख्या माशांना लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू असेल तर बरे वाटते. तो ३ मिलिग्रॅमच्या खाली उतरला की ते खाणे सोडून देतात आणि पुढे पाण्याच्या पृष्ठभागावर तोंड उघडून गटागटा हवा घेऊ लागतात. मरळ मात्र हवेतून थेट श्वास घेऊ शकते, त्यामुळे ती या हिशेबाबाहेरची आहे. तिच्याकडे पुढे येतो.

वेळ निवडताना पाण्याचा रंग पाहावा

‘पहाटे जावे’ हा सल्ला सगळेच देतात, पण तो प्रत्येक पाण्याला लागू पडत नाही. मुळशी किंवा भाटघरसारख्या स्वच्छ, खोल जलाशयावर पहाटे साडेपाच ते आठ ही वेळ खरोखरच उत्तम असते, कारण रात्रभरात वरचे पाणी निवलेले असते आणि मासे काठाजवळ चरायला येतात. हिरव्यागार पाण्याची गोष्ट वेगळी आहे. उजनीच्या वरच्या अंगाला, भिगवणच्या बाजूस, नदीवाटे शहरांचे सांडपाणी येत असल्याने पाण्यात शेवाळ फार माजते. हे शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते, पण रात्री स्वतःच तो वापरते. परिणामी सूर्योदयाच्या आधीची घटका ही अशा पाण्यात प्राणवायूची सर्वांत टंचाईची वेळ असते. तिथे पहाटे चारला उठून जाणाऱ्या माणसाची झोप जाते आणि मासाही मिळत नाही. मी स्वतः दोन उन्हाळे हा मूर्खपणा निष्ठेने केला आहे. अशा ठिकाणी सकाळी आठनंतर, ऊन पाण्यात शिरून तासभर झाल्यावर गळ टाकावा आणि दहा-साडेदहाला उठावे. किंवा सायंकाळी सहानंतर बसून अंधार पडल्यावरही दोन-तीन तास थांबावे. दुपारी बारा ते चार या वेळेत कोणत्याही पाण्यावर बसण्यात अर्थ नाही, आणि त्याचे कारण माशांपेक्षा बसणाऱ्याच्या डोक्याशी अधिक निगडित आहे.

पाण्यावर हिरव्या रंगाची साय धरलेली दिसली, तेलरंग सांडावा तशी, तर ती जागा सोडून द्यावी. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विषारी असतात. तिथला मासा घरी नेऊ नये आणि त्या पाण्याने हातपायही धुऊ नयेत.

जागा कशी हेरावी

पहिली खूण वाऱ्याची. माणूस स्वभावतः वाऱ्याच्या आडोशाला, शांत पाण्यापाशी बसतो. उन्हाळ्यात त्याने नेमके उलट करावे. दुपारनंतर पश्चिमेकडून सुटणारा वारा ज्या काठावर येऊन आदळतो, त्या काठाला लाटा फुटतात, पाणी ढवळले जाते, हवा त्यात मिसळते आणि पाण्यावर तरंगणारे सूक्ष्म खाद्यही तिकडेच लोटले जाते. सलग दोन दिवस एकाच दिशेने वारा वाहिला असेल, तर त्या काठावर थोडे गढूळ झालेले पाणी आणि त्यात घोटाळणारी चिलापी हमखास दिसते. गळ टाकताना वारा तोंडावर येतो, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) मागे उडतो आणि बसण्याची गैरसोय होते, हे सगळे खरे. पण गळाला मासा त्याच काठावर लागतो.

दुसरी खूण वाहत्या पाण्याची. ओढ्याचे मुख, कालव्याचा सांडवा, उपसा योजनेचे पाणी परत पडण्याची जागा, नदीतल्या खळाळाच्या लगेच खालचा डोह, अशा प्रत्येक ठिकाणी पाण्यात हवा मिसळत असते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर बहुतेक नद्या मे महिन्यात डोहांच्या माळेसारख्या उरतात. कुंडलिकेत मात्र भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेले पाणी भर उन्हाळ्यातही वाहते आणि तिथला मासा डोहातल्या माशापेक्षा कितीतरी तरतरीत असतो. अशा नदीत पाणी अचानक वाढते, हे मात्र क्षणभरही विसरू नये. मधल्या खडकावर जाऊन बसू नये, आणि काठावरचा एक दगड खुणेला धरून त्याच्यावर सतत नजर ठेवावी.

तिसरी खूण खोलीची, आणि इथे बहुतेकांची फसगत होते. वर पाणी तापले म्हणजे मासा तळाशी थंडाव्याला गेला असणार, असे आपण सहज गृहीत धरतो. खोल आणि शांत जलाशयात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात : वर हलके, तापलेले पाणी आणि खाली जड, थंड पाणी. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात तापमान काही फुटांतच झपाट्याने उतरते. खालच्या थरात हवा पोचत नाही आणि तळाचा कुजका पाला असलेला प्राणवायू संपवत राहतो, त्यामुळे तो थंडावा माशाच्या काही उपयोगाचा नसतो. मासा मधल्या पट्ट्याच्या किंचित वर, ना फार तापलेल्या ना फार गुदमरलेल्या पाण्यात राहतो.

हा पट्टा किती खोल आहे हे शोधण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. अर्ध्या लिटरच्या बाटलीला बाहेरून दगड बांधावा, तोंडाला सैलसर बूच लावून त्या बुचाला वेगळी दोरी बांधावी, आणि बाटलीच्या दोरीला दर तीन फुटांवर गाठ मारावी. पुरेशी खोली असलेल्या काठावरून किंवा होडीतून बाटली हव्या त्या गाठीपर्यंत सोडून बुचाची दोरी हिसकावी, मिनिटभर थांबून बाटली भरू द्यावी, झटकन वर घ्यावी आणि आत तापमापक बुडवावा. पृष्ठभागाला ३१, सहा फुटांवर ३०, बारा फुटांवर ३० आणि पंधरा फुटांवर एकदम २६ असा आकडा आला, तर मासा बारा फुटांच्या आसपास शोधावा आणि तरंगा (मासा लागल्याची खूण देणारा, पाण्यावर तरंगणारा तुकडा) सरकता ठेवून गळ तेवढ्याच खोलीवर लटकवावा. सुरुवातीला हा उद्योग पोरकट वाटतो. काठावरच्या गुराख्यांची करमणूकही होते. पण एकदा एखाद्या जलाशयावर हा पट्टा सापडला की पुढचे काही आठवडे त्यात फारसा फरक पडत नाही. उथळ आणि वारा लागणाऱ्या पाण्यात असे थर टिकत नाहीत, तेव्हा तिथे हा खटाटोप करू नये.

उतरलेल्या पाण्याचा आणखी एक फायदा आहे, जो एरवी कोणत्याही पैशाने विकत मिळत नाही. पावसाळ्यानंतर वीस-तीस फूट पाण्याखाली जाणारा सगळा मुलूख मे महिन्यात डोळ्यांसमोर उघडा पडतो. इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर पाणी ओसरले की बाहेर येते आणि ते पाहायला लोक लांबून येतात. त्याच निमित्ताने गळ टाकणाऱ्याने आजूबाजूच्या बुडालेल्या विहिरी, जुन्या रस्त्यांचे भराव, घरांचे चौथरे, बांधांवरचे बाभळीचे खुंट आणि भीमेच्या मूळ पात्राचे वळण नीट पाहून ठेवावे. भ्रमणध्वनीवर ठिकाणाची खूण करून छायाचित्र काढले तर पुरते. दिवाळीत त्याच ठिकाणी होडीतून तळ चाचपत बसण्याची वेळ येत नाही.

आमिष आणि तरंगा

तापलेल्या दिवसांत मासा खातो, पण थोडे आणि सावधपणे खातो. त्यामुळे गळ एक-दोन क्रमांकांनी लहान करावा, तंगूस बारीक घ्यावा आणि आमिषाचा गोळा लिंबाएवढा न करता शेंगदाण्याएवढा ठेवावा. चिलापीसाठी ८ ते १० क्रमांकाचा गळ आणि गांडुळाचा अर्धा तुकडा पुरेसा होतो. रोहू-मृगळासाठी शेंगदाण्याची पेंड कोरडी भाजून कुटावी, तीत तेवढाच भाताचा कोंडा आणि बांधण्यापुरती कणीक घालावी, गुळाच्या पाण्यात मळावी आणि ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवावी. सकाळपर्यंत तिला किंचित आंबूस वास येतो; तेवढा हवा असतो. दुपारपर्यंत तोच गोळा उन्हात ठेवला तर बुरसटतो, तेव्हा लागेल तेवढाच भाग बाहेर काढून बाकीचा माठाच्या कडेला किंवा बर्फाच्या पेटीत ठेवावा. कटला तळाचे न खाता वरचे, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म अन्न खातो, म्हणून त्याच्यासाठी गोळा असा सैल मळावा की पाण्यात पडताच तो धुरासारखा विरघळू लागेल.

पाण्यात चारा म्हणून मूठमूठ खाद्य टाकण्याची सवय उन्हाळ्यात आवरावी. न खाल्लेली पेंड तळाशी कुजते आणि कुजताना आसपासचा प्राणवायू खाते. म्हणजे ज्या जागेवर मासा बोलवायचा, तीच जागा आपण त्याला नकोशी करतो. दर अर्ध्या तासाला सुपारीएवढे दोन गोळे पुष्कळ झाले.

तरंग्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण उन्हाळ्यातली निम्मी शिकार तरंगा वाचता न आल्याने जाते. बाजारातला फुगीर प्लॅस्टिकचा तरंगा बाजूला ठेवावा आणि ज्वारीच्या ताटाचे सोललेले भेंड बोटभर लांबीचे घ्यावे. त्याखाली शिशाचे दाणे एकेक करून असे दाबत जावे, की भेंडाचे फक्त टोक, गव्हाच्या दाण्याएवढे, पाण्यावर राहील. असा तरंगा माशाच्या श्वासानेही हलतो. चिलापी गांडूळ चाचपते तेव्हा ते टोक थरथरते, थांबते, पुन्हा थरथरते. या वेळी ओढले तर गळ रिकामा येतो. थरथर थांबून टोक तिरके सरकू लागले की मनगटाने हलका झटका द्यावा. मृगळ तळावरून आमिष उचलतो तेव्हा शिशाचा भार हलका होऊन भेंड बुडण्याऐवजी वर येते आणि आडवे पडते. नवशिके त्या वेळी ‘काय झाले’ म्हणून पाहत राहतात, आणि तोच खरा क्षण असतो. कटल्याचे चोखणे इतके मंद असते की लाट आणि मासा यांतला फरक ओळखायला एक-दोन हंगाम जावे लागतात.

तंगूस उन्हाने ठिसूळ होतो, हेही ध्यानात ठेवावे. गेल्या वर्षीचा रीळ जर मोटारीच्या मागच्या काचेपाशी पडून राहिला असेल, तर पहिली दहा-पंधरा वावे कापून टाकावीत. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने ओली करावी. कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि तिथेच तुटते.

मरळ

पाणवेलींनी भरलेली तळी, दगडांच्या सोडून दिलेल्या खाणी आणि आटत आलेले ओढ्यातले डोह या ठिकाणी, जिथे इतर बहुतेक मासे तग धरत नाहीत, तिथे मरळ मजेत असते. ती ठरावीक वेळाने वर येऊन हवा घेते आणि त्या वेळी पाण्यावर एक बुडबुडा व संथ वलय उमटते. असे वलय जिथे दिसले तिथून हातभर पुढे, वेलींच्या फटीत, रबरी बेडूक किंवा जिवंत लहान मासा टाकून हळूहळू ओढावा. तिच्यासाठी मात्र जाड दोर हवा, कारण गळाला लागल्याबरोबर ती वेलींच्या मुळांत घुसते. मे महिन्याच्या अखेरीस पाण्यावर तांबूस रंगाच्या इवल्या पिलांचा पुंजका एकत्र फिरताना दिसला, तर त्याखाली त्यांचे आईबाप पहारा देत असतात आणि समोर येईल त्यावर तुटून पडतात. त्यांना धरणे अगदी सोपे असते, आणि म्हणूनच धरू नये. त्यांच्यामागे तो सगळा पुंजका दिवसभरात इतर माशांच्या पोटात जातो.

सोडायचा मासा आणि खायचा मासा

उन्हाळ्यात मासा खेळवत बसण्याची हौस परवडत नाही. दमलेल्या माशाला ज्या प्राणवायूने सावरायचे, तोच पाण्यात कमी असतो, आणि सोडलेला मासा पोहत गेला तरी तासाभराने मरण्याची शक्यता असते. म्हणून जो सोडायचा आहे, विशेषतः महसीर हा नदीतला मोठा मासा, तो लवकर काठाला घ्यावा, हात ओले करून पाण्यातच धरावा, टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट केलेला गळ वापरावा आणि छायाचित्रासाठी त्याला वर उचलू नये. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंडीत वरदायिनीच्या नावाने राखलेले महसीर आहेत आणि पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाजवळ तिळसे येथे वैतरणेतही देवाचे मासे म्हणून ते पाळले जातात. अशा ठिकाणी गळ काढण्याचा विचारही करू नये. इतर जलाशयांवर मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा आधी त्यांना विचारून, शुल्क असल्यास भरून मगच बसावे. ही मंडळी कोणत्या काठाला सध्या मासा आहे हेही सांगतात.

खायचा मासा लगेच मारून, कल्ले कापून रक्त जाऊ द्यावे, पोट साफ करावे आणि माशाच्या वजनाइतक्या फोडलेल्या बर्फात थर लावून ठेवावा. वितळलेले पाणी निघून जाण्यास पेटीला वाट असावी. मी एकदा बर्फाचा आळस केला आणि सहा चांगल्या चिलाप्या ओल्या पोत्यात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत ठेवल्या. दीड तासाने घरी डिकी उघडली तेव्हा मासे फेकावे लागले आणि डिकीचा वास पहिल्या पावसापर्यंत टिकला. हिरव्या पाण्यातल्या माशाला उन्हाळ्यात मातकट वास येतो, तो शेवाळात तयार होणाऱ्या द्रव्याचा असतो. पोटातले काळे अस्तर खरवडून काढून तुकड्यांना मीठ आणि चिंचेचा कोळ किंवा कोकमाचे आगळ लावून अर्धा तास ठेवले की तो बराच उतरतो, कारण आंबटपणात ते द्रव्य मोडते.

बसणाऱ्याची काळजी

काठावर सावली नसते आणि पाण्यावरून परावर्तित झालेले ऊन खालूनही लागते, त्यामुळे टोपी असूनही चेहरा भाजतो. सैल पांढरे सुती कपडे, डोक्याला ओले उपरणे, माणशी किमान चार लिटर पाणी आणि मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी किंवा ताक बरोबर असावे. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पीत राहावे. सोबत्याचा घाम थांबला, अंग तापले आणि तो असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपत असलेल्या माणसाला पाणी पाजू नये.

ओसरलेल्या काठावर ऊन हाच एक धोका नसतो. वरून वाळलेला गाळ खाली कमरेइतका मऊ असू शकतो, म्हणून ज्या गाळात भेगा पडून कडा वर उचललेल्या नाहीत, तिथे पाय टाकू नये. पाणी उतरेल तसे शेतकरी आपल्या मोटारी पुढे सरकवत नेतात आणि त्यांच्या विजेच्या केबली जोड मारत मारत थेट पाण्यापर्यंत गेलेल्या असतात. त्या ओलांडताना, आणि वरच्या तारांखालून कार्बनची लांब काठी नेताना, विशेष जपावे. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्याच्या उतारावर तर उतरूच नये. पोहणाऱ्यालाही तिथून वर येता येत नाही.

दुपारी ढग काळे होऊन वाऱ्याची दिशा बदलली की होडी ताबडतोब काठाला घ्यावी. २०२४ साली मे महिन्यात, वळवाच्या अशाच वादळात, कुगाव ते कळाशी या मार्गावर उजनीत प्रवासी बोट उलटून ६ जणांचा जीव गेला. वीज कडाडत असेल तर काठी जमिनीवर ठेवून तिच्यापासून दूर जावे.

वळीव पडल्यावर दुसऱ्या दिवशी पाणी निवले म्हणून लोक उत्साहाने गळ घेऊन निघतात. एक हलकी सर पडली असेल तर तो उत्साह योग्यच असतो. मोठा, वादळी पाऊस झाला असेल तर मात्र आधी काठावर उभे राहून पाण्याकडे पाच मिनिटे पाहावे. थंड पावसाने आणि वाऱ्याने वरखालचे थर उलटतात, तळाचे गुदमरलेले पाणी वर येते आणि शेकडो मासे पृष्ठभागावर तोंड उघडझाप करताना दिसतात. ते भुकेले नसतात. त्यांच्या तोंडाशी नेलेल्या गांडुळाकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. मेलेले तरंगत असतील ते उचलू नयेत. अशा दिवशी काठी पिशवीतच राहू द्यावी आणि तीन-चार दिवसांनी, वारा पुन्हा एका दिशेने स्थिरावल्यावर, त्या काठावर परत यावे.